करपती साखर

“कसला गं गोड वास येतो ह्याच्या अंगाला! साखरेच्या डब्यात निजवता की काय ह्याला?” खालच्या मजल्यावरच्या काकूंचा हा आवाज. थोडा घोगरा, थोडा नाकातला, जिना चढून आल्यामुळे मध्येच दमलेला. काकूंना जाऊन तीस वर्षं झाली, ती जागा केव्हाच सुटली, जिनासुद्धा एव्हाना पाडला असेल; पण आवाज कपाटाच्या तळाशी राहून गेलेल्या चादरीसारखा, घडीही न मोडता, जसाच्या तसा बाहेर आला. तो तिला ऐकू आला हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीत, मंगळवारी सकाळी पावणेअकराला. बाळंतिणींच्या वॉर्डची निळी पिशवी तिनं नुकतीच टेबलावर पालथी केली होती. मास्क हनुवटीवर ओढलेला होता, कारण मशीनवरच्या बाईनं काहीतरी विचारलं होतं आणि मास्कमधून उत्तर दिलं की तिला ते कधी ऐकू जात नसे. कारण एवढंच. मास्क नाकावर असता तर ही पिशवीही बाकीच्या पिशव्यांसारखी निवडून झाली असती, चादरी इकडे, दुपटी तिकडे, रक्ताचे डाग वेगळे, आणि लंगोटांचा ढीग गरम पाण्यात गेला असता.

मशीनवरच्या बाईला सगळे गिरणी म्हणत, कारण एकदा सुरू झाली की तिचं दळण थांबत नसे. “काय गं, काय हुंगत बसलीस?” गिरणी म्हणाली. “अत्तर लावून आलंय का कुणी?”

“साखरेचा वास येतोय.”

“मग चहा सांडला असेल. वरच्या त्या आज्या बघ, पोराला मांडीवर घेऊन खुशाल चहा पितात मेल्या. आण इकडे. माझ्या पाण्यात साखर काय नि मीठ काय, सगळं सारखंच.”

“थांब जरा.”

तो चहाचा वास नव्हता. साखर विस्तवावर ठेवून माणूस दाराशी कुणाशी तरी बोलायला जातो, दोन वाक्यं जास्त बोलतो, आणि परत येईपर्यंत साखर विरघळून तांबूस झालेली असते, अजून कडू झालेली नसते, पण आता होणार असते, त्या मधल्या घटकेचा तो वास. सव्वीस वर्षं ती ह्या टेबलाशी उभी होती. मास्क खाली असला की पिशवी न बघता, वासावरूनच वॉर्ड ओळखायची. हाडांच्या वॉर्डला प्लास्टरच्या भुकटीचा वास, पोटाच्या वॉर्डला आंबूस, बाळंतिणींच्या वॉर्डला दूध, तेल आणि कोमट ओल. सव्वीस वर्षांत हा वास एकदाही आला नव्हता. तो येणार नाही अशी तिची जवळजवळ खात्री होत आली होती. आणि आता तो आला, तोही चार लंगोटांना. चारही एकाच मुलाचे असणार. वर कुणीतरी चार-पाच दिवसांचं होतं.

ती सात वर्षांची असताना भाऊ झाला. दोन खोल्यांचं घर, फळांच्या खोक्याला गादी घालून केलेला पाळणा. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घरी आले की बोटांना लागलेली पांढरी भुकटी धुतल्याशिवाय त्याला हात लावत नसत. पाचव्या दिवशी तो वास सुरू झाला. आधी आईच्या लक्षात आला, मग काकूंच्या, मग अख्ख्या जिन्याच्या. माणसं येऊन त्याच्या मानेत नाक घालायची. आजारी मुलाला घाण वास येतो एवढंच सगळ्यांना माहीत. ज्याच्या अंगाला साखरेचा वास तो किती नशिबाचा! आईला तर कौतुक किती करावं कळेना. तिच्या तोंडात गाणी आपोआप यायची, कुठून शिकलेली नसायची, हात हलला की जुळायची.

मुंगीबाई माघारी जा, नको येऊ पाळण्याशी,
साखरेचं बाळ माझं, निजू दे गं माझ्यापाशी.

मुंगीबाई काही आली नाही. सातव्या दिवशी भावानं अंगावरचं पिणं सोडलं. मग तो रडायला लागला, आणि ते रडणं बाळाचं नव्हतं, चाक कुरकुरावं तसं एकसुरी होतं. पाठ कमानीसारखी व्हायची. मग तेही थांबलं आणि तो इतका मऊ पडला की उचलला तर दोन्हीकडून ओघळायचा. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. ताप नव्हताच, पण डॉक्टरांशी वाद कोण घालणार. अकराव्या दिवशी तो गेला. नाव ठेवायचं राहून गेलं होतं, म्हणून घरात त्याला नुसतं ‘बाळ’ म्हणत आणि नंतर नंतर तेही म्हणत नसत. साखरेचा डबा आईनं वरच्या फळीवर, मागे ठेवला. चहा कित्येक दिवस फिकाच व्हायचा. वडील तो तसाच प्यायचे.

“मी वर जाऊन येते,” ती गिरणीला म्हणाली.

“वर? आता? आपल्याला वर कोण विचारतंय! आणि हा ढीग कोण निवडणार, माझी सासू?”

धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेतली की वर कुणी अडवत नाही, हे तिला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये तिनं चादरींवर हात ठेवला. अजून गरम होत्या. सांगायचं काय आणि कुणाला? लंगोटावर खाटेचा नंबर नसतो. मला वास आला, असं सिस्टरला सांगायचं? लाँड्रीतल्या बाईला वास नाही येणार तर कुणाला येणार! ती गाडी ढकलत एकेका खाटेपाशी थांबत गेली. चादर ठेवायची, पाळण्याकडे वाकायचं, “किती दिवसांचं?” विचारायचं. दूध, पावडर, दूध, ओली लोकर. खिडकीकडून तिसऱ्या खाटेशी एक आजी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. टाके ओले असल्यामुळे सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. वाकायची गरजच पडली नाही.

“घ्या, घ्या वास,” आजी म्हणाली. चेहरा असा फुललेला. “सगळे घेतात. कसला गोड आहे बघा माझा नातू. त्याच्या आजोबांना फोनवर सांगितलं तर म्हणतात, बाटलीत भरून पाठव.”

“दूध ओढतो का नीट?”

“कालपासून जरा आळशी झालाय. झोपाळू आहे. बापावर गेलाय.”

तिनं विचारलं, “उचलू का?” आणि उत्तराची वाट न बघता उचललं. मान मागे पडली. मान तर सगळ्याच बाळांची पडते, हे तिला माहीत होतं. पण हात सांगत होते. पन्नास वर्षांनी हात सांगत होते की हे ओझं ओळखीचं आहे.

सिस्टर गोळ्यांचा ट्रे लावत होती. “अहो मावशी, तुम्ही इथं कुणाची बाळं उचलताय? ग्लोव्हज घालून पिशव्या निवडता आणि तेच हात—”

“धुतलेत. सिस्टर, त्या बाळाला डॉक्टर दाखवा. आजच. त्याच्या लघवीला जळक्या साखरेचा वास येतो.”

“त्याची आजी सगळ्यांना तेच सांगत फिरतेय. गोड आहे म्हणे.”

“माझा भाऊ असाच गेला. अकरा दिवसांचा होता. आधी वास, मग दूध सोडलं, मग मान टाकली. हे बाळ आज किती दिवसांचं आहे?”

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. तिशीतली मुलगी, कपाळावर घाम, सकाळपासून उभी. मग ती खाटेशी गेली, बाळाच्या कानाशी नाक नेलं, आणि परत येताना तिचं चालणं बदललं होतं. फोन उचलून ती म्हणाली, “सर, जरा लगेच येता का?” आणि ट्रेमधल्या गोळ्या तशाच राहिल्या.

खाली येऊन तिनं उरलेला ढीग निवडला. ते चार लंगोट तेवढे वेगळ्या पिशवीत बांधून वर पाठवले. गिरणी सारखी विचारत होती आणि ती हं, हं करत होती. हात चालू असले की डोकं मोकळं सुटतं. म्हणून तर तिला हे काम कधी जड गेलं नाही. आणि मोकळं सुटलेलं डोकं तिथंच गेलं जिथं जायला नको होतं. सिस्टरला तिनं भावाचं सांगितलं होतं. भावाचं सांगायला तिला कधीच अडचण नव्हती.

दोन वर्षांनी धाकटी झाली. तिचंही नाव राहून गेलं, पण ती घरात ‘धाकटी’च राहिली. ह्या वेळी आई गात नव्हती. बाळाला जवळ घ्यायची तेव्हाही तोंड किंचित बाजूला ठेवायची, जसं कुणी पत्र हातात धरून उघडत नाही. कपडे बदलताना श्वास धरायची. चौथ्या दिवशी सकाळी बादलीशी उभी राहून आईनं हाक मारली. हातात ओला लंगोट, हात अंगापासून लांब. “तू घे वास,” आई म्हणाली. “मला धीर होत नाही. तू घे आणि मला सांग.” ती नऊ वर्षांची होती. तिनं लंगोट घेतला, नाकाशी नेला. वास आलाच. पुसट होता पण तोच होता, त्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. तिनं वर बघितलं. आईचे ओठ पांढरे पडले होते आणि ती तिच्याकडे अशी बघत होती, जसं आजवर कुठल्याच मोठ्या माणसानं तिच्याकडे बघितलं नव्हतं. “नाही,” ती म्हणाली. “नुसता साबणाचा येतो.”

आई खाली बसली आणि हसायला लागली. तिला जवळ ओढून ओल्या हातांनी तिचं तोंड कुरवाळलं. त्या दिवशी साखरेचा डबा पुढे आला. वडिलांनी दोन कप चहा घेतला. धाकटीसाठी आईनं एक नवीन गाणं जुळवलं, त्यातला शब्दही आता आठवत नाही. एवढा हलका दिवस त्या घरात त्याआधी नव्हता आणि त्यानंतर आला नाही, आणि तो दिवस तिनं आणला होता. मग तो टिकवणंही तिच्याकडेच आलं. त्यानंतर सगळे लंगोट ती धुवायला लागली, आईनं हात लावायच्या आत, भरपूर साबण लावून, पुन्हा पुन्हा. “किती शहाणी पोर,” काकू म्हणाल्या. “आईला कामाला हात लावू देत नाही.” बोटांची सालं निघाली. कपड्यातला वास घालवणं तिला तेव्हापासून येतं. बाळाच्या अंगाला तो होताच, पण आई ज्याला घाबरून तोंड फिरवत होती ते आता नाही असं तिला सांगितलेलं होतं, आणि सांगितलेल्यावर आईनं विश्वास ठेवला. माणूस नाकापेक्षा कानावर जास्त विश्वास ठेवतो, निदान आईनं तरी ठेवला. नवव्या दिवशी धाकटी गेली.

वास नव्हता, म्हणजे भावाचं ते हे नव्हे. मग काय? आईनं शोधायला सुरुवात केली आणि शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच. आदल्या आठवड्यात एका दुपारी उकडत होतं म्हणून पाळण्याजवळची खिडकी तासभर उघडी राहिली होती. वारा सुटला होता. आईला डुलकी लागली होती. झालं. त्या दिवसापासून अठ्ठेचाळीस वर्षं आई खिडक्या लावते. त्या घरातल्या लावल्या, पुढच्या घरातल्या लावल्या, आता हिच्या घरातल्या लावते. फटींत चिंध्या कोंबते. ऐन उन्हाळ्यात खोलीत हवा कोंडलेली असते आणि पंखा तीच हवा फिरवत राहतो. पाहुणे म्हणतात, म्हातारपण. ती काही म्हणत नाही. ती अठ्ठेचाळीस वर्षं काही म्हणाली नाही. लग्न झालं, मूल नको म्हणाली. कारण नवऱ्याला सांगितलं नाही. तो भला माणूस, त्यानं विचारायचं सोडून दिलं, आणि मग एक दिवस तोही गेला. त्यानंतर आई राहायला आली, येताना चिंध्यांची एक पिशवी घेऊन.

आठवड्यानं आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. छोटी खोली, टेबलावर कागद. आवाज शांत, पेन चावलेलं. बाळ अतिदक्षता विभागात होतं, पण डोळे उघडत होतं. अन्नातल्या प्रथिनाचे तीन घटक त्याच्या शरीराला मोडता येत नव्हते. ते रक्तात साठायचे आणि मेंदूवर चढायचे. वास त्याच साठ्याचा. ते घटक वगळून केलेलं वेगळं दूध आता त्याला चालू होतं, ते जन्मभर लागेल, जेवण मोजूनमापून द्यावं लागेल.

“गोड वास म्हणून घरातले खूश, आणि आम्ही सगळे वर मास्क लावून,” डॉक्टर म्हणाले. “आणखी दोन दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं. तुमच्या भावाचं सांगा. नोंद करून ठेवतो.” त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, एक गोल काढला, मध्ये रेघ. “हे वडील, ही आई. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर निभून जातं, त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही. तुमच्या आईकडे एक बिघडलेली, वडिलांकडे एक. भावाच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या. चारात एकदा असं होतं. आणि दर वेळी नव्यानं चिठ्ठी उचलावी तसं, चारात एकदा. आधीच्या मुलाचं काय झालं ह्याची त्या चिठ्ठीला आठवण नसते.” त्यांनी खाली एक गोल काढला. “ह्या तुम्ही.” एक चौकोन काढून काळा केला, वरून तिरपी रेघ मारली. “हा भाऊ. आणखी भावंडं?”

“नाही,” ती म्हणाली.

हे इतक्या सहज तोंडातून गेलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. कागदावर चौकोनाच्या उजवीकडे बोटभर पांढरी जागा होती. तिनं त्या जागेकडे बघत विचारलं, “त्या काळी कुणाला वेळेवर कळलं असतं तर? म्हणजे समजा, घरातल्याच कुणाला. लहान मुलाला वगैरे.”

“कळून काय केलं असतं? ते दूध इथं नव्हतंच. हा आजार ओळखणारा माणूस त्या वेळी इथं असेल असं मला वाटत नाही. बाळ गेलंच असतं, मावशी. कुणी काहीही सांगितलं असतं तरी.”

हे ऐकायला तिनं अठ्ठेचाळीस वर्षं दिली असती आणि आता ऐकलं तर ते नुसतं ऐकल्यासारखं झालं. छाती हलकी झाली नाही. कारण, तिला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, तिनं ज्याची किंमत इतकी वर्षं मोजली होती ते धाकटीचं मरण नव्हतंच. खरं सांगितलं असतं तर धाकटी वाचली नसती. आई वाचली असती.

“एक बहीण होती,” ती म्हणाली. “नऊ दिवसांची. लिहा.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि गोल काढला. “तिलाही वास होता?”

“आईला विचारावं लागेल.”

“आई आहेत? मग विचारा जरूर. उत्तर येईपर्यंत हा गोल मोकळा ठेवतो.”

रविवारी सकाळी आई पलंगावर पाय पसरून वाटाणे सोलत होती. आईची दृष्टी गेल्या वर्षापासून अधू झाली होती, पण बोटांना वाटाणे दिसत. खिडक्या बंद. तिनं खुर्ची ओढली आणि वॉर्डातल्या बाळापासून सुरुवात केली, कारण सुरुवात करायला ते सोपं होतं. आईनं सगळं ऐकलं, मध्येच एक किडका वाटाणा वेगळा काढला.

“वाचला ना पण?”

“वाचला. दूध पितोय. त्या आजीनं काल लाँड्रीत येऊन माझे हात धरले. गिरणी रडली. मशीनमध्ये पाणी सोडायचं विसरली.”

“ती रडते काय आणि बोलते काय, सगळं एकाच आवाजात.” आईनं शेंग मोडली. “म्हणजे आपल्या बाळाला तेच होतं. साखरेचं.”

“तेच.”

“आणि ते माझ्यातून आलं.”

“अर्धं तुझ्यातून, अर्धं बाबांच्यातून. दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही ते. आणि तुम्हाला दोघांना कळायला काही मार्ग नव्हता.”

“ह्यांच्यातूनसुद्धा?” आईचे हात थांबले. मग ती चक्क हसली, दात नसलेलं, पूर्ण तोंडभर. “सासूबाई असायला हव्या होत्या गं ऐकायला! जन्मभर माझ्या कुशीला नावं ठेवत गेल्या.” हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले, टोपलीतली पुढची शेंग उचलली. “चला, त्याचं तरी कळलं. बरं झालं. मरायच्या आधी कळलं.”

 आता आई पुढचं बोलणार हे तिला दिसत होतं, लांबून येणारी गाडी दिसते तसं.

“धाकटीचं मात्र तसं नव्हतं,” आई म्हणाली. “तिच्या कपड्यांना वास नव्हता. मीच तुला बघायला लावलं होतं, आठवतं का तुला? तू नाही म्हणालीस. तिला माझी खिडकी बाधली. त्याच्यावर तुझ्या डॉक्टरांकडे काही नसणार.” हे ती रडत म्हणाली नाही. भाव सांगावा, तारीख सांगावी, तसं म्हणाली. इतक्या वर्षांत ते तिला पाठ झालं होतं.

तिनं आईच्या मांडीवरची टोपली उचलून खाली ठेवली, म्हणजे आईच्या हातांना दुसरं काही काम उरणार नाही.

“काय गं?”

“आई, वास होता,” ती म्हणाली. “तू लंगोट हातात दिलास तेव्हाच आला होता मला. तुझे ओठ पांढरे पडले होते, म्हणून मी नाही म्हणाले. नंतरचे सगळे लंगोट मीच धुतले, तुला कळू नये म्हणून. धाकटीला बाळाचंच होतं. खिडकीनं काही झालं नाही आई, कधीच झालं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोलले.”